एकशे आठवी पायरी

१९५७ सालच्या मार्गशीर्षातला पहिला सोमवार. रक्कम रुपये एक्कावन्न, रोख. जागा आमच्या टेकडीवरच्या शंकराच्या देवळाचा सभामंडप. हजर: जीर्णोद्धार समितीचे अध्यक्ष, तीन सभासद, देवळाचे गुरव, पायऱ्या घडवणारा पाथरवट आणि मी. पैसे मी दिले, अध्यक्षांनी घेतले आणि पावती मीच फाडली, कारण समितीचा खजिनदार मीच होतो.

त्या पावतीवर मी एक ओळ जास्तीची लिहिली. ‘पायरीवर नाव कोरू नये.’ भांडण तिथून सुरू झालं.

आमचं गाव चौल आणि रेवदंड्याच्या मध्ये, नारळी-सुपारीच्या वाड्यांत दडलेलं आहे. टेकडीवर जायला जुन्या जांभ्याच्या पायऱ्या होत्या. त्या झिजून पाण्याची पन्हळ झाली होती आणि पावसाळ्यात म्हातारी माणसं त्यांवरून बसत बसत उतरत. समितीने ठरवलं की सगळ्या पायऱ्या काळ्या दगडाच्या करायच्या. एका पायरीला एक्कावन्न रुपये. जो देईल त्याचं नाव पायरीवर कोरायचं. नावं कोरण्यामागची कल्पना अध्यक्षांची होती आणि ती त्यांनी सभेत समजावून सांगितली. नाव भिंतीवर लावलं तर माणूस फुगतो, पायरीवर कोरलं तर हजारो भक्तांचे पाय त्यावर पडतात आणि अहंकार झिजतो.

ऐकायला हे बरं वाटलं. मग अध्यक्षांनी स्वतःसाठी पहिली पायरी घेतली. ते मुंबईला एका पेढीत हेडक्लार्क होते, निवृत्त होऊन गावी आले होते. त्यांच्या पायरीवर त्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, हुद्दा आणि मुंबईचा पत्ता एवढं कोरलं. अक्षरं वीतभर उंच. पाथरवटाला त्यांनी बजावलं की चर खोल घे, लवकर झिजता कामा नये. अहंकार झिजवायला बसलेल्या माणसाने निदान तीनशे वर्षं टिकेल असा दगड निवडला होता.

मला नाव नको होतं. अध्यक्ष म्हणाले की सगळ्या नावांमध्ये एकच दगड कोरा राहिला तर तोंडातला दात पडल्यासारखा दिसेल. मी म्हटलं, कोरा दगड दगडासारखाच दिसतो. तेव्हा ते हसले आणि सगळ्यांकडे बघत म्हणाले, “नाव नको म्हणणं हाही एक अहंकारच आहे बरं का.”

“असेल,” मी म्हटलं. “पण पावती फाडून झाली आहे.”

‘अहंकार’ या शब्दाची मला तेव्हा चीड होती. आजही थोडी आहे. कारण आमच्या गावात हा शब्द मी नेहमी एकाच कामासाठी वापरलेला पाहिला होता. उत्सवाचा हिशेब कोणी विचारला की त्याला सांगायचे, अहंकार सोड. चुन्याच्या किती गोण्या आल्या असं मी विचारलं तेव्हाही मला तेच सांगितलं गेलं. गोण्या मोजल्या तेव्हा दोन कमी भरल्या आणि त्या अध्यक्षांच्या विहिरीच्या कठड्याला लागलेल्या होत्या. त्यांनी त्या भरून दिल्या, पण तोंड वाकडं करून. हिशेब विचारणारा माणूस गर्विष्ठ नसतो. हे मी तेव्हाही मानत होतो आणि या लिहिण्याच्या शेवटीही मानीत असेन.

आता माझ्याबद्दल. माझी पाऊण एकराची सुपारीची वाडी. त्या काळात मी एक कोटी जपाचा संकल्प सोडला होता. रोज पहाटे रहाटाच्या कट्ट्यावर बसून अकरा माळा करत असे. प्रत्येक माळेला एक सोललेली सुपारी पितळी डब्यात टाकायची. डबा भरला की मोजून गोणीत ओतायचा. लोकांत अशी रीत आहे की एका माळेचे एकशे आठ मणी, पण जप शंभरच धरायचा. वरचे आठ चूकभूल म्हणून सोडून द्यायचे. मी सोडत नसे. माझ्या एकशे आठांत चूक नव्हती, मग आठ सोडायचे कशाला? माझ्या हिशेबाने संकल्प दोन वर्षं आधी पुरा होणार होता.

पुढच्या उन्हाळ्यात माझी पायरी बसली. क्रमाने ती एकेचाळिसावी आली. तिथे वाट वळते, चाफ्याचं झाड आहे, आणि चढणारा प्रत्येक जण दम खायला तिथेच थांबतो. थांबला की खाली बघतो. वरच्या पायरीवर नाव, खालच्या पायरीवर नाव, मधली कोरी. मग तो हमखास विचारतो की ही अशी का, आणि सोबतचा गावकरी माझं नाव सांगतो, वर माझ्या निरिच्छपणाचं कौतुक करतो. अध्यक्षांची पहिली पायरी मात्र कोणी वाचत नसे. पहिल्या पायरीवर पाय ठेवताना माणसाची नजर वर कळसाकडे असते. अध्यक्षांना हे उशिरा कळलं. मला लवकर कळलं, आणि ते मला आवडलं. उतरताना मी चाफ्यापाशी थांबत असे. उतरताना कोणाला दम लागत नाही.

पावसाळाभर काम बंद होतं. दिवाळीनंतर वरच्या पायऱ्या सुरू झाल्या. महाशिवरात्रीच्या यात्रेआधी सगळं संपवायचं होतं. पौषात पाथरवट माझ्याकडे आला आणि म्हणाला की पायऱ्या संपल्या.

“संपल्या कशा?” मी विचारलं. “एक नाव राहिलंय अजून.”

“नाव ऱ्हायलं आसंल. जागा न्हाय.”

देणगीदार एकशे आठ होते. पायऱ्या एकशे सात निघाल्या.

मोजणी माझी होती. काम सुरू होण्याआधी मीच खालून वर मोजत गेलो होतो आणि एकशे आठ असा आकडा दिला होता. लहानपणापासून आमच्याकडे सगळे असंच मोजतात. पायरी चढायची आणि आकडा म्हणायचा. एकशे सात म्हणून झालं की देवळाचा उंबरठा येतो, त्यावर डोकं टेकायचं आणि म्हणायचं, एकशे आठ. उंबरठ्यावर पाय कोणी देत नाही, पण मोजतात सगळे. पाथरवटाने शेवटचा दगड उंबरठ्याच्या जागी बसवायला घेतला तेव्हा गुरव आडवे आले. उंबरठ्याला लोक कपाळ लावतात, तिथे माणसाचं नाव कोरलेलं चालायचं नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. माझी मोजणीही बरोबर होती. आजही कोणी मोजून पाहावं, आपल्या रीतीने मोजलं तर एकशे आठच भरतात.

एक माणूस मात्र वगळावा लागणार होता, आणि त्यासाठी नियम तयार होता. ज्याची रक्कम आधी पुरी झाली त्याची पायरी आधी. तो नियमही माझाच. शेवटची रक्कम रेवदंड्याच्या कोळीवाड्यातल्या एका बाईची होती. तिने एक्कावन्न रुपये तीन वेळा मिळून दिले होते, सुक्या मासळीच्या विक्रीतून, आणि तिसरा हप्ता पौषाच्या सुरुवातीला आला होता.

या बाईचा नवरा नाखवा होता, म्हणजे होडीचा धनी. पण आधी बरीच वर्षं तो दुसऱ्याच्या होडीवर जाळं ओढायचा. स्वतःची होडी पाण्यात पडली तर टेकडीवरच्या देवाला एक पायरी देईन, असा त्याने नवस बोलला होता. होडी झाली. नवस फेडायच्या आत तो विषमज्वराने गेला. आमच्या किनाऱ्यावर असा नवस राहिला तर तो मेलेल्याच्या मानेवर राहतो, आणि मग घरातल्या होडीवर, असं मानतात. होडी आता तिचा दीर चालवत होता. पायरी नवऱ्याच्या नावाचीच हवी होती, तिच्या नव्हे, कारण बोलला तो होता.

तिला सभामंडपात बोलावलं. अध्यक्षांनी गोड आवाजात सांगितलं की पैसे परत घ्या, नाही तर सभामंडपात फळी लावू, तिच्यावर तेलरंगाने नाव लिहू, पायरीपेक्षा जास्त दिसेल.

ती म्हणाली, “त्यानं पायरी बोलली व्हती, फळी न्हाय.”

अध्यक्ष म्हणाले की देव भावाचा भुकेला असतो, फळी काय आणि पायरी काय. नावाचा आग्रह हाच अहंकार. मी मध्ये पडलो. म्हटलं, मग तुमच्या पायरीवर बाईंच्या नवऱ्याचं नाव कोरा आणि तुमचं फळीवर लिहा. तीन सभासद छताकडे बघू लागले. मला फार बरं वाटलं. त्या दिवशी सभामंडपात आपण एकटेच खरे आहोत असं मला वाटलं. एकेचाळिसावी पायरी माझ्या डोक्यातही आली नाही, इतकी ती माझी होती.

त्या बाईच्या डोक्यात ती आली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती टोपली घेऊन आमच्या पडवीत आली. माझी बायको तिच्याकडून दर साल सुके बोंबील घेई. बोंबलांचा भाव झाला, पैसे झाले, आणि मग ती माझ्याकडे वळली.

“दादा, तुमाला नाव नको. माज्या माणसाच्या नावाला दगड न्हाय. तुमचा दगड द्या.”

मी तिला समजावून सांगितलं. टेकडीवर एक तरी पायरी अशी असली पाहिजे की जिथे माणसाचं नाव नाही. ती माझी अट आहे, पावतीवर लिहिलेली आहे, आणि ती माझ्या एकट्यासाठी नाही, तत्त्वासाठी आहे. मी बराच वेळ बोललो. ती ऐकून घेत होती. मधेच बायकोने तिच्यापुढे पान-सुपारीचं तबक ठेवलं. तबकातली सुपारी संपली होती म्हणून तिने हाताशी होता तो पितळी डबा उघडला आणि एक सुपारी अडकित्त्याने कातरली.

“अगं, त्या मोजणीच्या आहेत,” मी म्हटलं. नको इतक्या जोरात म्हटलं.

बाईचा हात तोंडाशी थांबला. तिने कसली मोजणी म्हणून विचारलं. बायकोने सांगितलं, एका सुपारीला एक माळ. कोळीण आधी डब्याकडे बघत राहिली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली.

“देवाचं नाव मोजून डब्यात ठेवता व्हय, दादा? मंग तो कवा येनार हाय वजन करून घ्यायला?”

तिने खांड तोंडात टाकलं, चघळलं आणि बायकोला म्हणाली, “येका माळेचं पुन्य माज्या पोटात गेलं. वजा करा म्हनावं.” मग टोपली उचलून गेली. पायरीचं तिने पुन्हा काढलं नाही.

तिच्यामागे मी बायकोला बरंच सुनावलं. डब्याचा हिशेब चुकला, आता पुन्हा सगळा डबा मोजावा लागणार. ती तांदूळ निवडत होती. माझं संपल्यावर तिने सूप खाली ठेवलं.

“एकशे सात पायऱ्या आहेत,” ती म्हणाली. “त्यांतली एकशे सहा नावं या गावात कोणाला पाठ नाहीत. तुमची एक कोरी, ती सगळ्या गावाला पाठ आहे. मुंबईची माणसं येतात, तीही विचारून जातात. अध्यक्षांनी उगाच एवढी अक्षरं कोरली. नाव लावायचं कसं ते त्यांनी तुम्हाला विचारायला हवं होतं.”

मी म्हटलं, तूही आता अध्यक्षांसारखं बोलायला लागलीस.

“ते हिशेब दाबायला बोलतात. मी काय दाबायला बोलतेय ते सांगा.”



मला त्या दिवशी काही साक्षात्कार झाला असं कोणी समजू नये. मी वाडीत गेलो, शिंपणं केलं, आणि पहाटे नेहमीप्रमाणे माळा घेऊन बसलो. जप होईना. मन मण्यांवरून सुटून चाफ्याच्या झाडाखाली जाऊन बसे आणि कोण थांबतंय ते पाही. किती वर्षं मी जपाला बसत होतो, आणि जेवढ्या माळा वाढल्या तेवढा मी त्या सुपाऱ्यांच्या गोणीजवळ गेलो होतो, देवाजवळ नव्हे. गोणी मला दिसत होती. देव मला टेकडीखालून जेवढा दिसे तेवढाच दिसत होता.

मग मी तो प्रश्न नुसता हिशेबाचा म्हणून मांडला. पैसे भरलेली माणसं एकशे आठ. दगड एकशे सात. त्यांत नाव नको म्हणणारा एक. हे गणित तिसरीतल्या पोराला घातलं तर तो पाटी न घेता सोडवेल. मला ते आठ दिवस सुटलं नव्हतं, कारण मी त्यात तत्त्व घातलं होतं.

मी रेवदंड्याला गेलो. ती वाळवणावर बोंबील पालटत होती. मी तिला सांगितलं, पायरी घे. तिने हात पुसले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की तुमच्या पैशांचं काय.

मी म्हटलं, ते देवाला दिले, ते राहिले तिथे.

“मंग दगड तुमचाच ऱ्हायला,” ती म्हणाली. “माज्या माणसाचं नाव तुमच्या दगडावर. नवस त्याचा आनि दगड दुसऱ्याचा, आसं फिटतं काय, दादा? माजे एक्कावन देवाकडं हायेत. तुमचे तुमी परत घ्या. मंग मी तुमच्या पायरीवर यीन.”

हे मला अपेक्षित नव्हतं. पायरी सोडायला मी तयार होतो. सोडल्यावर गावात काय बोललं जाईल तेही, खरं सांगायचं तर, माझ्या कानांत वाजून गेलं होतं. आधी नाव सोडलं, आता पायरीही सोडली. पण देवाला दिलेले पैसे सगळ्यांसमोर परत मागून घेणारा माणूस, हे ऐकायला मी तयार नव्हतो. रेवदंड्याहून घरी येईपर्यंत मी दुसरी वाट शोधत होतो. चालत आलो तरी सापडली नाही.

महाशिवरात्रीच्या चार दिवस आधी सभामंडपात समिती बसली. तेच अध्यक्ष, तेच तीन सभासद, गुरव, पाथरवट, मी, आणि या वेळी ती बाई. यात्रेच्या तयारीला आलेली गावातली वीस-पंचवीस माणसंही होती. मी सांगितलं की एकेचाळिसावी पायरी या बाईंच्या नवऱ्याची, आणि माझे एक्कावन्न रुपये मला परत मिळावेत.

कोणी तरी मागे हसलं. अध्यक्षांनी चष्मा पुसला. त्यांना असा दिवस पुन्हा मिळणार नव्हता.

“देवाला दिलेलं परत घेणार?”

“घेणार.”

“अहो, राहू द्या. आम्ही ते गुप्तदानात दाखवतो. आणि पायरीवर खाली बारीक अक्षरांत लिहू, अमुक यांच्या औदार्याने. तुमचं नाव न घालता. नुसतं, एका भक्ताच्या औदार्याने.”

मोह झाला. ती बाई माझ्याकडे बघत नव्हती, ती अध्यक्षांच्या पायांकडे बघत होती. मी म्हटलं, “औदार्य झालेलं नाही. पायरी त्यांच्या पैशाची आहे. माझे पैसे जास्तीचे आहेत, ते परत करा. जमाखर्चात जास्तीची रक्कम ठेवता येत नाही.”

“लोक काय म्हणतील?”

“लोकांनी हिशेब पाहावा. कोणी पाहिला तर त्याला अहंकारी म्हणू नका.”

लोकांनी हिशेब पाहिला नाही. देवाकडून पैसे परत घेणारा असंच ते म्हणाले, आणि पुढची दोन-तीन वर्षं म्हणत राहिले. बाजारात म्हणाले, एस.टी.च्या थांब्यावर म्हणाले. मी एकालाही खुलासा दिला नाही. हे लिहितो आहे तो खुलासा नाही. यात कोणाचंच नाव नाही, माझंही नाही. आता कोणी म्हणेल की ही आणखी एक कोरी पायरी झाली. म्हणो. इतका अहंकार माझ्यात अजून आहे, आणि तो किती आहे हे मोजायचं मी सोडलं आहे. जप चालू आहे. माळेचे शंभर धरतो. सुपाऱ्या घरात खायला वापरतो.

चाफ्याखालच्या पायरीवर आता त्या नाखव्याचं नाव आहे. लोक तिथे थांबतात, दम खातात, आणि काही न विचारता वर जातात.

त्या दिवशी पेटीची चावी माझ्याकडेच होती. मी पेटी उघडली, दहाच्या पाच नोटा आणि एक रुपया काढून अध्यक्षांच्या हातात दिला. त्यांनी ते पैसे सगळ्यांसमोर माझ्या हातात दिले. मी मोजून घेतले, बरोबर होते, आणि पोचपावतीवर सही केली. अखेर दिले गेले रुपये एक्कावन्न. घेणारा मी.